आधी मीटर, मग पाना

दार लावून घे आणि इथे टेबलापाशी येऊन उभा राहा. बाकीच्यांनीही हातातलं काम खाली ठेवा. मी बोलणार ह्याला आहे, पण ऐकायचं सगळ्यांनी आहे. ह्याच्या हातून जे झालं ते तुमच्यातल्या कुणाच्याही हातून होऊ शकतं, आणि आज मी गप्प बसलो तर होईलच.

हा टेबलावरचा अल्टरनेटर ह्याच्या काकांच्या गाडीचा. मागच्या रविवारी ह्याने तो अंगणात उतरवला, खोलला, कार्बन बदलले, बेरिंग बदललं, डायोड प्लेट नवीन घातली, परत बसवला आणि किल्ली देताना काकांना म्हणाला, "ओके आहे." बुधवारी रात्री काका-काकू चिपळूणहून कराडला निघाले. कुंभार्ली घाटात पाऊस आणि धुकं. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला तेव्हा काकांनी विचार केला, पुतण्याने आत्ताच सगळं नवीन घातलंय, घाट चढून गेल्यावर बघू. आधी वायपर मंदावले. मग हेडलाइट पिवळे पडले. मग स्टिअरिंग जड झालं, आणि चढावरच्या वळणावर इंजिन बंद पडलं.

इंजिन बंद पडलं की ब्रेकच्या बूस्टरला नवीन व्हॅक्यूम मिळत नाही. साठलेल्या व्हॅक्यूमवर पेडल एक-दोनदा नीट दबतं, पुढे ते पायाला दगडासारखं लागतं. हे तुला पहिल्या वर्षी शिकवलंय. गाडी मागे सरकली. काकांनी हँडब्रेक ओढून धरला, काकूंनी पावसात उतरून चाकामागे दगड लावला. पार्किंग लाइट लावायलाही बॅटरीत जीव नव्हता, म्हणून काकू मोबाइलचा दिवा हलवत रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि खालून येणारा ट्रक त्यांनी थांबवला. मघाशी तू म्हणालास, "सर, नशिबाने काही झालं नाही." तुझ्या कामाची जबाबदारी नशिबावर टाकू नकोस. काही झालं असतं, तर तुझ्या त्या 'ओके'ने झालं असतं.

आकडे मांड. हेडलाइटचे ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. काच धुरकटू नये म्हणून ब्लोअर जोरात, ते आणखी १० च्या आसपास. वायपर, पेट्रोल पंप, इंजेक्शन, इग्निशन, आणि वळणावळणाला इलेक्ट्रिक स्टिअरिंग. बेरीज तीस अँपिअरच्या वर जाते. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, तीही पूर्ण भरलेली नव्हती. चार्जिंग तुटल्यावर ती किती वेळ पुरणार? तासभरसुद्धा नाही. हा हिशेब तिसरी शिकलेल्या पोराला येतो. तुला तो करावासा वाटला नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. तू घरी अल्टरनेटर उघडलास म्हणून मी रागावलेलो नाही. उघडायलाच हवा. दोन वर्षं मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून ज्याला अल्टरनेटर उघडायची भीती वाटते त्याने इथे कशाला यायचं? माझा राग वेगळ्या कारणासाठी आहे. ज्या अल्टरनेटरमध्ये दोष नव्हता तो तू उघडलास, उघडताना दोष घातलास आणि न मोजता किल्ली दिलीस. चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीस.

काकांची तक्रार काय होती? "सकाळी सेल्फ जड फिरतो आणि बॅटरी सारखी उतरते." त्यातला पहिला अर्धा भाग तू ऐकलाच नाहीस. बॅटरी उतरते एवढं कानावर पडलं आणि तुझा निकाल तयार, डायनॅमो गेला. सेल्फ आणि अल्टरनेटर, दोघांचाही त्रास एकाच वेळी सुरू होतो तेव्हा दोघांमध्ये समान काय आहे, हा प्रश्न पहिला पडायला हवा. दोघंही इंजिनला बोल्टने बसवलेले. दोघांचाही करंट इंजिनच्या अंगातून अर्थ पट्टीवर येतो, पट्टीतून बॉडीवर आणि बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला. परतीचा रस्ता एकच. दोन गावांची एसटी एकाच दिवशी अडली तर माणूस आधी रस्ता बघतो, दोन्ही गाड्यांची इंजिनं खोलत बसत नाही.

तू म्हणालास, "सर, मीटर लावला होता. गाडी चालू असताना बॅटरीवर १२.९ होते." लावलास ना? मग पुढे का थांबलास? भरलेली बॅटरी शांत असताना १२.६ दाखवते, सहा सेल, प्रत्येकी २.१. गाडी चालू झाली की साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. १२.९ म्हणजे बॅटरीपर्यंत पुरेसं पोचत नाही. एवढंच तो आकडा सांगतो. अल्टरनेटर बनवत नाही की बनवलेलं वाटेत हरवतं, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे लोक मी या वर्कशॉपमध्ये खूप पाहिलेत. एक आकडा घेतात आणि पाना उचलतात.

काल गाडी ओढून आणल्यावर मी काय केलं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. जळालेली मेन वायर कापून नवीन लग दाबला, बॅटरी चार्जरवर भरून घेतली, आणि मग इंजिन पंधराशे आरपीएमवर धरून लाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर चालू केला. अल्टरनेटरच्या बी-प्लस टर्मिनलपासून त्याच्याच अंगापर्यंत मीटर लावला, १४.३. बॅटरीच्या दोन टोकांवर लावला, १२.९. मधले १.४ व्होल्ट कुठे गेले? पॉझिटिव्ह बाजू मोजली, बी-प्लसपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत ०.१. उत्तम. निगेटिव्ह बाजू मोजली, अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत १.३. सापडला चोर. त्या बाजूला ०.२ च्या वर काही दिसलं तर शोधत जायचं असतं, इथे तर सव्वा व्होल्टच्या वर निघालं.

गाडीखाली गेलो. गिअरबॉक्सपासून बॉडीकडे जाणारी तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी हिरवी पडलेली, बोल्टखाली गंजाचा थर. आपल्या कोकणात खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने हे होतंच, हे तुला मी सांगायला हवं? दोनशे रुपयांच्या आतली पट्टी. ती सोडून तू काकांच्या साडेचार हजारांचे भाग बदललेस.

तू म्हणशील, पट्टीचा ओहम तपासला होता, शून्य होता. मीटर शून्य दाखवणारच. फळ्यावर ओहमचा नियम लाव. त्या वेळी क्लॅम्प मीटरवर ४५ अँपिअर वाहत होते. १.३ भागिले ४५, म्हणजे सुमारे ०.०३ ओहम. आपल्या साध्या मल्टिमीटरच्या प्रोबच्या वायरीचा रोध त्याहून जास्त असतो. त्याला हा दोष दिसणंच शक्य नाही. आता तोच रोध सेल्फच्या वाटेत ठेव. सेल्फ १२० अँपिअर मागतो. १२० गुणिले ०.०३, साडेतीन व्होल्ट वाटेतच खाऊन टाकले. मग सेल्फ जड फिरेल नाहीतर काय होईल? म्हणून जाड वायरी आणि अर्थ नेहमी करंट वाहत असताना व्होल्टने तपासायचे, बंद गाडीत ओहमने नाही. ह्या एका वाक्यासाठी मी तुम्हाला दोन तास प्रॅक्टिकल दिलं होतं. तेव्हा तू दाराशी मोबाइल बघत उभा होतास. मला आठवतंय.

आता दुसरा अपराध. गाडी चालू असताना तू बॅटरीचं टर्मिनल काढून बघितलंस. गाडी बंद पडली नाही तर डायनॅमो चांगला, असं तुला कुणी शिकवलं? जुन्या वस्तादांनी, बरोबर. त्यांच्या काळी अ‍ॅम्बेसिडरला खरोखरचा डायनॅमो होता, कम्युटेटरवाला, आणि गाडीत बिघडायला ट्रान्झिस्टर नव्हता. आजच्या अल्टरनेटरला बॅटरी हाच धक्का सोसणारा आधार आहे. चार्जिंग जोरात चालू असताना तो काढलास, तर रोटरमधलं चुंबकीय क्षेत्र क्षणात उतरत नाही, रेग्युलेटर सावरेपर्यंत व्होल्टेज उसळतं. आत संरक्षण नसेल तर १२ व्होल्टच्या गाडीत हा धक्का ऐंशी-शंभर व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. त्याच दिवशी म्युझिक सिस्टिम गेली, ना? तू काकांना म्हणालास, जुनी होती. ती जुनी होती म्हणून गेली नाही. इंजिनचा ईसीयू वाचला, हे तुझं कौशल्य नव्हे. ही परीक्षा पुन्हा कुणी केली तर त्याला मी वर्कशॉपच्या बाहेर उभा करीन.

तिसरं. उतरवताना बॅटरीचं निगेटिव्ह काढलं होतंस का? मान खाली घालू नकोस, उत्तर दे. नव्हतं काढलंस, कारण ब्रॅकेटवर पाना टेकून जळाल्याची खूण मी पाहिली. बी-प्लसची वायर बॅटरीपासून थेट येते. तिच्यावर किल्ली चालत नाही, गाडी बंद असतानाही ती जिवंतच. पान्याचं एक टोक तिच्या नटावर आणि दुसरं बॉडीला लागलं की बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. माझ्या डाव्या हाताच्या ह्या बोटाकडे बघ. शिकाऊ असताना अंगठी घालून काम केलं होतं. अंगठी एका क्षणात लाल झाली आणि मांसात रुतली. तुझ्या मनगटात ते स्टीलचं कडं आहे. आत्ता काढ आणि खिशात ठेव. निगेटिव्ह पहिलं काढायचं आणि शेवटी लावायचं, आणि कामावर हातात धातू नको. ह्यात चर्चा नाही.

चौथं, तुझं खोलणं आणि जोडणं. हा अल्टरनेटर मी काल तुझ्यामागे उघडला. दोन्ही झाकणांवर आणि स्टेटरवर खूण केलेली नाही. खूण न करता खोललं की झाकण फिरून बसतं, कान जागेवर येत नाहीत, आणि मग माणूस ब्रॅकेट वाकवतो. तूही वाकवलास.

पुढचं बेरिंग हातोडीने ठोकलंस. आतल्या रिंगवर मारलेले घाव मला दिसतात. झाकणात बेरिंग बसवायचं तर जोर बाहेरच्या रिंगवर, शाफ्टवर बसवायचं तर आतल्या रिंगवर, आणि दोन्ही वेळा प्रेसने किंवा योग्य मापाच्या पाइपने. चुकीच्या रिंगवर घाव घातला की तो गोळ्यांमधून जातो आणि धावेवर खड्डे पाडतो. अल्टरनेटर इंजिनच्या दोन-अडीच पट वेगाने फिरतो. इंजिन सहा हजारांवर गेलं तर हे बेरिंग बारा-पंधरा हजारांवर असतं. अशा वेगात एक खड्डा पुरतो. नवीन बेरिंग चार दिवसांत घुमू लागलं ते ह्यामुळे. त्यात भर म्हणून पट्टा तू वीणेच्या तारेसारखा ताणलास. पट्टा सैल असला तर किंचाळतो आणि घसरतो. फार ताणला तर आवाज करत नाही, निमूट बेरिंग खातो.

डायोड प्लेट कशासाठी बदललीस? रिपल मोजला होतास? मीटर एसीवर टाकून, गाडी चालू ठेवून, बॅटरीवर बघायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोडवर संशय घ्यायचा. रात्री उभ्या गाडीत बॅटरी उतरते आणि सकाळी इंजिन चालू न करताही अल्टरनेटर कोमट लागतो, तर डायोड गळतोय. ह्यातलं काहीही न बघता तू सहाही चांगले डायोड काढून फेकलेस आणि नव्या प्लेटला पंचवीस वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने डाग दिलास. स्टेटरची जाड तार त्या इस्त्रीला तापत नाही. मग माणूस मिनिटभर इस्त्री धरून बसतो, आणि तार तापायच्या आत डायोड भाजतो. इथे साठ-ऐंशी वॅटची इस्त्री हवी, डायोड आणि सांध्याच्या मध्ये पक्कड धरायची म्हणजे उष्णता ती पिते, आणि तीन-चार सेकंदांत काम संपवायचं. तुझे सांधे बघ, दाणेदार आणि मळके. चांगला सांधा चकचकीत असतो.

आणि आता घाटातलं कारण. बी-प्लसचा नट. तू तो हाताने फिरवलास, पान्याने किंचित आवळलास आणि स्प्रिंग वॉशर परत घातलाच नाहीस. तो तुझ्या खिशात निघाला, मी पाहिला. सैल जोडावर रोध वाढतो, रोधातून पन्नास अँपिअर गेले की जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. बुधवारी रात्री लग वितळून वायर सुटली. सगळं चार्जिंग तिथे तुटलं. ज्या अर्थ पट्टीपायी हे सुरू झालं तिने गाडी बंद पाडली नव्हती, ती नुसती कुरकुरत होती. गाडी बंद पाडली ती तुझ्या दुरुस्तीने.

मी हे सगळं माफ करू शकतो. बेरिंग नवीन येतं, सांधा परत करता येतो, हातोडी चुकीची पडली तर पुढच्या वेळी बरोबर पडते. शिकणारा माणूस चुकतो, मीही चुकलो आहे, हा डाग त्याचाच. पण तुझ्या 'ओके'ला माफी नाही. गाडी बंद, मीटर पेटीत, आणि तोंडात 'ओके'. तो शब्द तू कशाच्या आधारावर काढलास? लाल दिवा विझला म्हणून? दिवा विझणं म्हणजे अल्टरनेटर जागा झाला, एवढंच. बॅटरीपर्यंत किती पोचतं ते दिवा सांगत नाही. किल्ली देण्याआधी एकदा, फक्त एकदा, लोड चालू करून बॅटरीवर मीटर लावला असतास तर पुन्हा तेच १२.९ दिसले असते. साडेचार हजार घालूनही आकडा हललेला नाही हे बघून तुझ्या मनात नक्की शंका आली असती, आणि तो नटही तुझ्या नजरेस पडला असता. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांत काका-काकूंची ती रात्र वाचली असती.

तुझ्या काकांनी लाल दिवा बघूनही गाडी थांबवली नाही. का? तुझ्यावर विश्वास होता म्हणून. मेकॅनिकच्या शब्दावर लोक आपली माणसं गाडीत बसवतात, लेकरं बसवतात, रात्री घाटात जातात. त्यांना अल्टरनेटर म्हणजे काय हे माहीत नसतं, माहीत असण्याची गरजही नाही. ते आपलं काम. म्हणूनच आपल्या तोंडचा 'ओके' हा अंदाज असून चालत नाही. तो आकडा असला पाहिजे.

आता सगळ्यांनी वहीत लिहा, सावकाश लिहा, कारण ह्यापुढे ह्याशिवाय मी अल्टरनेटरला हात लावू देणार नाही. आधी डोळ्यांनी पट्टा, टर्मिनल, अर्थ, फ्यूज. मग बॅटरी शांत असताना व्होल्ट. ती उतरलेली असेल तर आधी चार्जरवर भरा, कारण मेलेली बॅटरी भरणं हे अल्टरनेटरचं काम नाही, त्यात नवीन अल्टरनेटरही जळू शकतो. मग चालू गाडीत व्होल्ट, आधी बिनलोड, नंतर लोडवर. मग पॉझिटिव्ह बाजूचा ड्रॉप, निगेटिव्ह बाजूचा ड्रॉप. मग रिपल. एवढं करूनही दोष अल्टरनेटरमध्येच निघाला तर आणि तरच निगेटिव्ह काढून पाना उचलायचा. आणि लक्षात ठेवा, अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंग ईसीयू ठरवतो, तिथे कधी १२.६ तर कधी १५ दिसतील. अशा गाडीत त्या कंपनीचं मॅन्युअल उघडल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

तुझी शिक्षा ऐक. सोमवारी सकाळी आठ वाजता येऊन तू हाच अल्टरनेटर पुन्हा खोलशील, खूण करून. रोटरचा रोध दोन स्लिप रिंगांमध्ये मोजशील, तो थोड्याच ओहमांचा यायला हवा. स्लिप रिंगेपासून शाफ्टपर्यंत मोजशील, तिथे काहीही लागता कामा नये. स्टेटरची तिन्ही टोकं एकमेकांशी आणि मग लोखंडाशी तपासशील. बेरिंग नवीन, प्रेसने. सांधे नवीन, मी शेजारी उभा राहीन. त्यानंतर गाडीखाली जाऊन दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत करून नवीन अर्थ पट्टी तूच बसवशील. बेरिंगचे आणि पट्टीचे पैसे तुझ्या स्टायपेंडमधून.

आणि सगळं झाल्यावर काकांच्या घरी जाशील. फोन करायचा नाही, जायचं. त्यांना नुसतं "सॉरी" म्हणू नकोस. दोष कुठे होता, तू काय चुकीचं केलंस आणि वायर का सुटली, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांग. मग बॉनेट उघडून, लाइट-ब्लोअर चालू करून, त्यांच्या डोळ्यांदेखत बॅटरीवर मीटर लाव आणि त्यांना तो आकडा वाचायला सांग. ते स्वतः "चौदा पॉइंट दोन" म्हणतील, तेव्हा त्यांच्या हातात किल्ली दे.

जा, कडं काढून ठेव आणि कामाला लाग.